आफ्रिकन कॅटफिश घरी पाळायचा तर जाळी बाजूला ठेवा

मिशा दिसल्या की आपल्याकडचा दुकानदार त्या माशाला ‘कॅटफिश’ म्हणून मोकळा होतो. काचेला चिकटणारा सकर कॅटफिश, लाल शेपटीचा धिप्पाड मासाही कॅटफिश, आणि खाण्याच्या मासळीतून इकडे वळवलेली मागुराची बोटभर पिल्लंही कॅटफिशच. “टँक साफ ठेवतोय बघा, घेऊन जावा की,” एवढ्यावर सौदा होतो. यांतला सकर आणि लाल शेपटीवाला मूळचे दक्षिण अमेरिकेतले. आफ्रिकेतले म्हणून जे आपल्यापर्यंत पोचतात त्यांत तीन ठळक: आफ्रिकन मागूर, विजेचा धक्का देणारा कॅटफिश आणि सिनोडोंटिस. घरात ठेवावा असा त्यांत एकच, शेवटचा.

काटा हाताला टोचला, मासा जाळीत अडकला, पिशवी वाटेत फुटली, अशा तक्रारी नंतर येतात. त्यातल्या बऱ्याचशा खरेदीच्या दिवशीच ठरलेल्या असतात. नको तो मासा, नको त्या आकाराचा टँक, मग त्याला तिथून काढायची धावपळ, आणि त्या धावपळीत काटा. म्हणून धरायचा कसा हे सांगण्याआधी घ्यायचा कोणता हे बघू.

मागूर घरात आणू नका

आफ्रिकन मागुराचं शास्त्रीय नाव क्लॅरियस गॅरिपिनस. पिल्लू असताना तो चुणचुणीत दिसतो, काही वेळा पांढरट-गुलाबी किंवा ठिपकेदारही मिळतो. पूर्ण वाढला की मीटरभर आणि त्याहूनही लांब होतो. तीन फुटी टँकमध्ये त्याला नीट वळायलाही जागा उरत नाही. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत फांद्या फुटलेला एक अवयव असतो, त्यानं तो थेट हवेतला ऑक्सिजन घेतो. त्यामुळे पाणी घाण झालं तरी तगतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटतही जातो. झाकण उघडं राहिलं तर सकाळी तो स्वयंपाकघरात सापडेल.

आणि मुळात त्यावर बंदी आहे. १९९० च्या दशकात तो बांगलादेशमार्गे बेकायदा भारतात आला आणि ‘थाई मागूर’ या नावानं पसरला. केंद्र सरकारनं २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. पुढे राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावरून महाराष्ट्रात मत्स्यव्यवसाय खात्यानं असा साठा शोधून नष्टही केला. कारण साधं आहे: मासे, बेडूक, किडे, जे तोंडात मावेल ते तो खातो, आणि कुठल्याही पाण्यात तग धरतो. आपला देशी मागूर आधीच जागतिक यादीत धोक्यात आलेल्या जातींमध्ये गणला जातो, त्यात हा पाहुणा.

ओळखायचा कसा? मागुराचा पाठीवरचा पर डोक्यामागून निघतो तो सलग शेपटीपर्यंत जातो. शेपटी गोल, डोकं चपटं, मिशांच्या चार जोड्या. सिनोडोंटिसचा पाठीवरचा पर आखूड, उंच, आणि पुढे एक ताठ काटा असलेला. त्याच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, मांसल असा दुसरा छोटा पर. शेपटी दुभंगलेली, मिशांच्या तीन जोड्या, त्यातल्या खालच्या जोड्यांना झालरीसारखे फाटे. दुकानात दोन मिनिटं उभं राहून एवढं पाहिलं तर फसायची भीती नाही. देशी आणि आफ्रिकन मागूर मात्र लहान असताना वेगळे ओळखणं तुमच्या-माझ्या डोळ्यांचं काम नाही, तेव्हा मागूर दिसला की पुढे चला.

विजेच्या कॅटफिशबद्दल फार लिहीत नाही. मॅलॅप्टेरुरस त्याचं नाव. मोठा झाल्यावर तो ३५० व्होल्टपर्यंतचा धक्का देऊ शकतो. त्याच्याबरोबर दुसरा मासा ठेवता येत नाही आणि टँकमध्ये हात घालून काम करता येत नाही. हौस म्हणून कुणी सुचवलं तर नमस्कार करून निघावं.

सिनोडोंटिस: उलटा पोहणारा आणि त्याचे भाऊबंद

सिनोडोंटिसच्या शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या आफ्रिकेतल्या. शोभेच्या माशांत तीन-चारच वारंवार दिसतात.

घरासाठी सगळ्यांत योग्य म्हणजे सिनोडोंटिस नायग्रिव्हेंट्रिस. काँगो नदीच्या खोऱ्यातला हा मासा फार तर दहा सेंटिमीटरचा होतो आणि पोट वर करून पोहतो. टँक नवा असेल तर पहिल्या आठवड्यात घरातलं कुणीतरी “मासा मेला वाटतं” म्हणून हाक मारणार, हे गृहीत धरा. बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं. वरून बघणाऱ्याला ते काळोख्या पाण्यात दिसत नाहीत, खालून बघणाऱ्याला उजेडात मिसळून जातात. याचं उलट आहे. आयुष्य उताणं जातं म्हणून पोटच काळं, पाठ फिकट. पाण्याच्या पृष्ठभागावर पडलेले किडे त्याला असं सहज टिपता येतात. त्याच्या नाईलमधल्या नातेवाइकांना प्राचीन इजिप्तचे लोक चांगले ओळखत होते. तिथल्या थडग्यांमधल्या शिल्पांत उलटा पोहणारा मासा कोरलेला सापडतो, आणि मुलं पाण्यात बुडू नयेत म्हणून त्यांच्या वेणीत माशाच्या आकाराचं लोलक बांधत.

दुसरा, पिसासारखा उंच पर असलेला सिनोडोंटिस युप्टेरस. दुकानात तोही बोटभरच असतो आणि नायग्रिव्हेंट्रिस म्हणून खपवला जातो. पण टँकमध्येही तो पंधरा-वीस सेंटिमीटरचा होतो, नदीत याहून मोठा. स्वभावानं दांडगट, दुसऱ्या कॅटफिशला गुहेत शिरू देत नाही. चार फुटांच्या खालच्या टँकमध्ये घेऊ नका.

तिसरा टांगानिका सरोवरातला ठिपकेदार मल्टिपंक्टेटस, ज्याला कुकू कॅटफिश म्हणतात. त्या सरोवरातल्या सिक्लिड नावाच्या माशांच्या बऱ्याच माद्या आपली अंडी तोंडात घेऊन उबवतात. त्या अंडी घालत असतानाच कुकूची जोडी मध्ये घुसते आणि आपली अंडी तिथेच टाकते. सिक्लिड मादी गडबडीत तीही तोंडात उचलते. कुकूची अंडी आधी फुटतात आणि त्यांची पिल्लं त्या मादीच्या तोंडातच तिच्या स्वतःच्या पिल्लांना खाऊन वाढतात. जपानी संशोधक तेत्सु सातो यांनी १९८६ साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. दुसऱ्याकडून पिल्लं वाढवून घेण्याची ही कोकिळेसारखी तऱ्हा पक्ष्यांच्या बाहेर, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत, फारच विरळा. माझ्या मते शोभेच्या माशांत याच्याइतका बघण्यासारखा दुसरा नाही. पण तो सिक्लिडच्या टँकमध्ये शोभतो, गप्पी-मॉलीच्या नाही.

बाजारात येणारे बरेच सिनोडोंटिस संकरित असतात. हॉर्मोनचं इंजेक्शन देऊन दोन जातींपासून तयार केलेले. असा मासा किती वाढेल, कसा वागेल याचा भरवसा देता येत नाही. ठिपके फारच आखीवरेखीव आणि भाव फारच कमी असेल तर दुकानदाराला जात विचारा. उत्तर “आफ्रिकन” एवढंच आलं तर मी तरी घेत नाही.

आपलं पाणी

काँगोच्या माशाला मृदू, साधारण उदासीन पाणी लागतं: पीएच ६ ते ७.५. टांगानिकाच्या माशाला जड, अल्कधर्मी पाणी हवं, पीएच ८ च्या वर. बेळगावकरांना इथे एक सोय आहे. शहराला पाणी पुरवणारा राकसकोपचा जलाशय मार्कंडेय नदीवर, घाटाच्या पावसावर भरणारा, त्यामुळे नळाचं पाणी सहसा मृदू. उलट अथणी, रायबागकडच्या काळ्या मातीतल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, बादलीला पांढरा थर धरणारं. म्हणजे शहरात नायग्रिव्हेंट्रिस आणि ईशान्येकडच्या या तालुक्यांत टांगानिकाचे मासे, अशी वाटणी निसर्गानंच करून ठेवल्यासारखी आहे. तरी शेजारच्या दोन घरांच्या विहिरींचं पाणी वेगळं निघतं, तेव्हा तपासणीचा किट घेऊन एकदा पीएच आणि जडपणा पाहून घ्या.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की त्याचा डोस वाढतो, वासावरूनच कळतं. ड्रममध्ये भरून, हवेचा दगड लावून दिवसभर ठेवलं की तो उडतो, घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब आहेत. ज्या भागात नळ रोज येत नाही तिथे टँकसाठी एक ड्रम वेगळाच ठेवलेला बरा, कारण नेमकं पाणी बदलायच्या दिवशी घरात धुण्याचं पाणी संपलेलं असतं आणि वाद मासा हरतो.

तापमान २४ ते २७ अंश. डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री १४-१५ अंशांपर्यंत उतरतात, आणि खिडकीजवळचा टँक पहाटेपर्यंत गार पडतो. दर लिटरला एक वॅट या हिशेबानं हीटर घ्या. एक गोष्ट मात्र विसरू नका: सिनोडोंटिसला अंगाला काहीतरी टेकलेलं आवडतं, आणि थंडीत तो हीटरलाच चिकटून बसतो. अंगावर खवले नाहीत, त्यामुळे पोट भाजतं. प्लॅस्टिकचं जाळीदार कव्हर असलेला हीटरच लावा.

वळवाच्या पावसात हेस्कॉमची वीज गेली की फिल्टर थांबतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे जिवाणू ऑक्सिजनवर जगतात, आणि तेच या सगळ्या खटाटोपाचा पाया आहेत. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं त्या मानानं निरुपद्रवी, तेही पाणी बदलून काढता येतं. नव्या टँकमध्ये हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या माणसाच्या चालू टँकमधला जुना स्पंज मिळाला तर विरजण लावल्यासारखं काम होतं. दुकानदार त्याच दिवशी टँक आणि मासे दोन्ही देत असेल तर टँक आणा, मासे महिन्याभरानं.

चार-पाच नायग्रिव्हेंट्रिससाठी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टँक पुरतो. त्यात साधारण १२५ लिटर पाणी मावतं. काच, वाळू, स्टँड धरून दीड-पावणेदोनशे किलो वजन होतं. बेळगावातल्या शहापूर-अनगोळच्या जुन्या मातीच्या घरांत हे माडीवर ठेवू नये, खालच्या फरशीवरच ठेवावं. एकटा मासा दिवसभर लपून राहतो. चार-पाच असले की बाहेर येतात.

तळाला बारीक, धुतलेली वाळू घाला. टोकदार खडीनं मिशा झिजतात, आणि मिशा म्हणजे या माशाचं नाक-जीभ सगळं. लपायला खानापूरची मातीची मडकी उत्तम. खानापूर मडक्यांचं आणि कौलांचं गाव, तिथली साधी, रंग-लकाकी नसलेली छोटी मडकी घ्या, कडा घासून गुळगुळीत करा आणि आडवी ठेवा. प्रत्येक माशाला एक, वर एक जादा. खाणं दिवा बंद केल्यावर: बुडणाऱ्या गोळ्या, अधूनमधून गोठवलेले ब्लडवर्म. पोट फुगेपर्यंत खातात, तेव्हा हात आखडता घ्या. छोट्या टेट्रा आणि गप्पीची पिल्लं रात्री गायब होऊ लागली तर मांजरावर संशय घेऊ नका.

काटा

सिनोडोंटिसला तीन काटे असतात: एक पाठीवरच्या परापुढे आणि छातीच्या दोन परांपुढे एकेक. साधे नव्हेत, करवतीसारखे दातेरी. मासा घाबरला की हे तिन्ही ताठ उभे करतो आणि मुळाशी असलेल्या सांध्यात ते अडकून बसतात. मग स्नायूंचा जोर न लावताही ते उभेच राहतात. गिळू पाहणाऱ्या मोठ्या माशाच्या घशात तो असा आडवा बसतो. पाण्याबाहेर काढल्यावर कर्र-कर्र आवाज येतो, तो तोंडातून नाही. छातीच्या काट्याचा बुंधा खोबणीत घासून हा आवाज निघतो. इंग्रजीत त्याला ‘स्क्वीकर’ म्हणतात ते यामुळे.

आता मऊ नायलॉनच्या जाळीत हा मासा धरला तर काय होईल याचा विचार करा. काटे ताठ, दाते जाळीच्या छिद्रांत, मासा तडफडतोय, आणि जितकं ओढाल तितका गुंता वाढतोय. ओढून काढताना काटा मोडतो, पर फाटतो, क्वचित डोळ्याला इजा होते. म्हणून मूळ नियम: सिनोडोंटिस जाळीनं पकडायचा नाही, डब्यानं पकडायचा.

आधी हीटर बंद करा आणि निवू द्या, कारण पाणी कमी केल्यावर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. मग पाणी निम्म्यावर आणा. मासा मडक्यात असेल तर निम्मं काम झालंच: मडक्याच्या तोंडावर हात ठेवा, तळहात आत घालू नका, आणि मडकं पाण्यानं भरलेल्या बादलीत उतरवा. आडवं ठेवून थांबा. तो स्वतःहून बाहेर येतो. मडकं हलवून, झटकून बाहेर काढायला गेलात तर तो काट्यांनी आतल्या भिंतींना अडकून बसणार.

बाहेर फिरत असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या. श्रीखंडाचा किलोचा चालतो, नीट धुतलेला, साबण न लावता. डबा एका कोपऱ्यात आडवा धरा आणि दुसऱ्या हातातल्या जाळीनं माशाला हळूहळू तिकडे वळवा. जाळी फक्त वाट दाखवायला, शिवायचं नाही. डबा पाण्यासकट उचला. घाई करू नका, पंधरा मिनिटं लागली तरी चालतील. खोलीतला दिवा मंद ठेवला तर आणखी सोपं जातं.

तरी कुणी जाळी घातलीच आणि अडकला, तर त्याला जाळीसकट पाण्यातच ठेवा. शांत झाल्यावर पुष्कळदा काटे सैल होतात आणि तो सुटतो. नाही सुटला तर छोट्या कात्रीनं जाळीचे धागे कापा. जाळी पन्नास-शंभर रुपयांची, नवी आणता येते. काटा हातानं दाबून मिटवायचा प्रयत्न करू नका. मोडेल तो काटा, आणि टोचेल तो तुम्हाला.

टोचलंच तर आधी जखम साबणानं स्वच्छ धुवा, आत तुकडा राहिलाय का बघा. बऱ्याच कॅटफिशच्या काट्यांवरच्या कातडीत सौम्य विष असतं, त्यामुळे दुखणं जखमेच्या मानानं जास्त वाटतं. हे विष उष्णतेनं निकामी होतं. सोसेल एवढ्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आतच, अर्धा-पाऊण तास हात बुडवून ठेवला की ठणका उतरतो. पाणी आधी दुसऱ्या हातानं तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं नसेल तर घ्या. सूज चढत गेली, काटा सांध्यात शिरला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा आणि माशाचा काटा लागलाय हे सांगा. हाताला आधीच जखम असेल तर टँकमध्ये हात घालूच नका.

प्रवास आणि औषध

आपल्याकडे हौशी लोक मासे कोल्हापूर, गोवा, कधी पुण्याहून आणतात. कोल्हापूरहून निपाणी-संकेश्वर मार्गे एस.टी.त अडीच-तीन तास हे अंतर काही विशेष नाही, पण पातळ पिशवीत सिनोडोंटिस म्हणजे काटा आणि फुगा एकत्र बांधल्यासारखं. झाकणाचा डबा किंवा छोटी बादली सर्वांत चांगली. पिशवीच असेल तर दोन पिशव्या एकात एक, मध्ये वर्तमानपत्राचे थर, आणि एका पिशवीत एकच मासा. निघण्याआधी एक दिवस खायला घालू नये, म्हणजे पिशवीतलं पाणी कमी घाण होतं.

घरी आल्यावर काय करायचं ते प्रवास किती झाला यावर आहे. तास-दोन तासांच्या प्रवासानंतर पिशवी टँकवर तरंगत ठेवून, थोडं थोडं टँकचं पाणी त्यात मिसळणं ठीक. पण रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीत ही सावकाश पद्धत घातक ठरते. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी झालेलं असतं, त्यामुळे त्यातला अमोनिया फारशा विषारी नसलेल्या रूपात असतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच वाढतो आणि तोच अमोनिया विष बनतो. अशा वेळी पिशवी बंदच ठेवून तापमान जुळवा, मग उघडून मासा लगेच टँकमध्ये घ्या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

आजारपणात एवढंच लक्षात ठेवा की अंगावर खवले नसल्यामुळे या माशांना औषध लवकर बाधतं. तांबं असलेली औषधं टाळा. मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मलिनसारखी द्यायची वेळ आलीच तर सहसा निम्म्या मात्रेनं सुरुवात करतात. पांढरे ठिपके दिसले तर आधी तापमान हळूहळू ३० अंशांवर न्या आणि हवेचा पंप जोरात चालवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो.

नीट सांभाळलेला सिनोडोंटिस दहा वर्षं सहज काढतो. तेवढ्यात घरातली मुलं शिकायला पुण्या-बेंगळुरूला जातात, बदली होते, भाड्याचं घर सुटतं. तेव्हा तो किल्ल्याच्या तलावात किंवा देवळाच्या तळ्यात सोडायचा विचार कुणाच्या मनात आला तर आधीच थांबवा. तळी पावसाळ्यात ओसंडतात आणि पुढे मार्कंडेय-घटप्रभेतून किंवा मलप्रभेतून पाणी कृष्णेला मिळतं. सह्याद्रीच्या ओढ्यांमधले काही मासे जगात दुसरीकडे कुठे नाहीत. दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. देताना त्याचं मडकंही सोबत द्या. नव्या टँकमध्ये तो आधी त्यातच शिरतो, आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर नव्या मालकालाही तो मडक्यासकट उचलता येतो.